कादंबरीतल्या मुलीबद्दलच बोलू द्या

गेली अकरा वर्षं मी मुलांचं वाचन मंडळ चालवते. चौदा ते सतरा वयाची दहा-बारा मुलं, महिन्याला एक पुस्तक, दीड तासाची बैठक. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलीची किंवा मुलाची कादंबरी आम्ही आतापर्यंत चार वेळा घेतली. त्यातली पहिली बैठक मी स्वतःच्या हातानं बिघडवली, म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे.

झालं असं. बाकीची पोरं ‘फार ओढूनताणून लिहिलंय’ म्हणत होती. कोपऱ्यात बसलेली एक मुलगी, एरवी फारसं न बोलणारी, एकदम म्हणाली, ‘‘ती दुखावं म्हणून करत नाहीये. डोक्यातला गोंगाट थांबावा म्हणून करतेय. आणि तो थांबत नाहीच. थोड्या वेळानं दुप्पट होऊन येतो.’’ ‘दुप्पट’ हा शब्द पुस्तकात कुठेच नव्हता. मी उत्साहाच्या भरात, सगळ्यांसमोर, विचारलं, ‘‘तुला गं कसं माहीत?’’ खोलीत सगळे गप्प. ती कसनुसं हसली, ‘‘असंच वाटलं, ताई,’’ म्हणाली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्यानंतरही नाही.

तिला कादंबरीतल्या मुलीचा आडोसा होता. त्या आडोशाला उभं राहून ती पहिल्यांदा काहीतरी बोलत होती, आणि मी तो आडोसाच काढून घेतला. पुढच्या तिन्ही बैठका मी याच एका गोष्टीभोवती बांधल्या. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, ग्रंथपाल असाल किंवा मित्रमैत्रिणींचा वाचनगट चालवत असाल, तर माझी पद्धत अशी आहे.

पुस्तक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन

पहिल्यांदा साध्या वाचकासारखं वाचा. रडू आलं तर रडा, कंटाळा आला तर तोही लक्षात ठेवा. कारण पोरांनाही तिथेच कंटाळा येणार आहे.

दुसऱ्या वाचनात मी समासात तीन प्रकारच्या खुणा करते. ज्या पानांवर इजा कशी केली, कशानं केली, याचं वर्णन आहे तिथे फुली. ती पानं बैठकीत मोठ्यानं वाचायची नाहीत, कोणी वाचायला लागलं तर थांबवायचं. जिथे कोणाला तरी पहिल्यांदा कळतं, आई, भाऊ, वर्गमैत्रीण, परिचारिका, कोणीही, तिथे गोल. आणि जिथे मदत खरोखर मदत ठरते, म्हणजे कोणीतरी नीट ऐकतं किंवा मुलगी स्वतः तोंड उघडते, तिथे बरोबरची खूण. मग पानं मोजते. जखमेला किती पानं दिली आणि सावरण्याला किती. एका कादंबरीत हे प्रमाण इतकं विषम निघालं की ती मी मुलांसाठी घेतलीच नाही, फक्त मोठ्यांच्या गटात घेतली. चांगलं पुस्तक होतं, पण सावरण्याचा भाग शेवटच्या सहा पानांत उरकला होता.

ही पानमोजणी कोणाला बालिश वाटेल. पण त्यामागे जुना अनुभव आहे. जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ साली आली. तिच्या नायकाचं अनुकरण करून तरुण जीव देऊ लागले, अशी भीती तेव्हाच पसरली, आणि लाइपत्सिगमध्ये तर पुस्तकावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानं आत्महत्येच्या बातम्यांनंतर होणाऱ्या अनुकरणाला ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं. ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याची उलटी बाजू मात्र कमी लोकांना माहीत असते. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ‘पापागेनो परिणाम’ मांडला. मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेत पापागेनो हे पात्र जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला त्याच्याजवळच्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात, आणि तो थांबतो. माणूस त्या क्षणातून कसा बाहेर आला हे सांगणारा मजकूर वाचणाऱ्याला सावरायला हात देऊ शकतो, असं त्या संशोधनाचं म्हणणं. दोन्ही अभ्यास आत्महत्येच्या बातम्यांबद्दलचे आहेत, कादंबऱ्यांबद्दलचे नाहीत. पण माझ्या फुल्या आणि बरोबरच्या खुणा तिथूनच आल्या. (अडवायला येणारी ती मुलंच आहेत, हे मला फार आवडतं. मोठं माणूस एकही नाही.)

थोडं माहीत करून घ्या, पण व्याख्यान देऊ नका

बैठकीत कोणीतरी चुकीचं काहीतरी ठासून सांगणारच. तेव्हा दोन वाक्यांत दुरुस्त करता आलं पाहिजे. मी एका कार्डावर एवढंच लिहून ठेवते.

स्वतःला इजा करणारे बहुतेक जण त्या क्षणी मरण्याच्या इच्छेनं करत नसतात. असह्य झालेली भावना खाली आणणं, स्वतःला शिक्षा करणं, बधिरपणातून काहीतरी जाणवणं, अशी कारणं ते सांगतात. पण म्हणून ‘मग काही धोका नाही’ असंही नाही, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. सुरुवात बहुधा बारा ते चौदाच्या आसपास होते. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा शंभरातल्या साधारण सतरा किशोरवयीनांनी कधी ना कधी असं केल्याचं सांगितलं. म्हणजे बारा जणांच्या बैठकीत एखाददुसरं मूल असणार, असं धरूनच चालायचं. मुलगेही करतात. भिंतीवर मूठ आपटणाऱ्या मुलाला आपण ‘तापट’ म्हणून मोकळे होतो, इतकंच. २०१३ साली निघालेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या सूचीत, आत्महत्येचा हेतू नसलेली स्वतःला केलेली इजा ही ‘अधिक अभ्यास हवा’ या विभागात वेगळी नोंदवली आहे. आणि यावर उपचार आहेत. त्यातला एक, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारा उपचार, मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञांनी घडवला. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो आणि त्यासाठी रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. हे शेवटचं मी मुलांना नक्की सांगते. त्या वेळी पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पुस्तक हातात देताना विषय सरळ सांगा

‘जरा संवेदनशील विषय आहे हं’ असं गुळमुळीत बोलू नका. मी म्हणते, ‘‘या कादंबरीतली मुलगी स्वतःला इजा करून घेते. दोन ठिकाणी त्याचं वर्णन आहे. ती पानं गाळली तरी गोष्ट कळते. पुस्तक नकोसं झालं तर मध्येच ठेवून द्या, कारण सांगायची गरज नाही, बैठकीला तरीही या.’’ पानांचे आकडे पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवते. हेच पालकांनाही कळवते, याच शब्दांत.

आता, अशा आगाऊ सूचनेनं त्रास कमी होतो का? अभ्यास सांगतात की फारसा होत नाही, उलट आधीची धास्ती थोडी वाढते. म्हणून मी ती सूचना उपाय म्हणून देत नाही. ती बाहेर पडायचं दार आहे. दार कुठे आहे हे माहीत असलेलं मूल आत निवांत बसतं, एवढंच माझं बघणं आहे.

एक काम मात्र बैठकीच्या आदल्या आठवड्यात कराच. तुमच्या भागात चालणाऱ्या मदतवाहिनीचा नंबर शोधा आणि तो स्वतः फिरवून बघा. मी एकदा छापील पत्रकावरचा नंबर मुलांना दिला होता, तो बंद पडून किती दिवस झाले होते देव जाणे. आता मी आधी फोन करते, कोणत्या वेळात उचलतात, कोणत्या भाषेत बोलतात, किती वेळ वाट बघावी लागते, ते नंबराशेजारी लिहिते. शिवाय गरज लागली तर ज्यांच्याकडे मूल पाठवता येईल अशा एका तरी समुपदेशकाशी आधी बोलून ठेवते.

बैठकीचे नियम

फळ्यावर तीनच. ‘कसं केलं’ यावर बोलायचं नाही, ‘का’ आणि ‘पुढे काय’ यावर हवं तेवढं बोला. अंगावरच्या खुणा दाखवायच्या नाहीत, स्वतःच्याही नाहीत आणि मित्राच्या फोनमधल्याही नाहीत. आपल्याला इथे कोणाची उलटतपासणी घ्यायची नाही, म्हणजे ‘तुला कसं माहीत’ हा प्रश्न बंद. तिसऱ्या नियमाखाली मी कंसात लिहिते, ‘ताईंनाही लागू’. पोरं हसतात. हसू देत.

पहिल्या दोन नियमांचं कारण मुलांना सांगून टाका. या वयात, एकाच गटात, ही गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. त्यात कोणाचा दोष नसतो, पण तपशील जितका कमी तितकं बरं. कारण न सांगता घातलेला नियम मुलं मोडण्यासाठीच ठेवतात.

चौथी गोष्ट फळ्यावर नसते, मी तोंडी सांगते. ‘‘इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी सांगेन, मग पुढे.’’ हे सुरुवातीलाच सांगायला हवं. मुलानं विश्वासानं सांगून झाल्यावर ‘हे मला तुझ्या घरी कळवावं लागेल’ म्हणणं, हा त्याला दगा वाटतो.

चिठ्ठ्या

मतं तोंडी मागू नका. आधी चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखा कागद, सारखी पेन्सिल, नाव लिहायचं नाही. मी प्रश्न असे देते की उत्तर पात्राबद्दलच लिहावं लागेल. ‘तिच्या भावाला कधी कळलं असेल, आणि तो बोलला का नाही?’ ‘आईनं दार उघडल्यावर पहिलं वाक्य वेगळं म्हणायला हवं होतं. कुठलं?’ ‘तिच्या जागी असतात तर कोणाला सांगितलं असतंत?’ असा प्रश्न चुकूनही नको. ‘तिनं कोणाला सांगायला हवं होतं?’ असं विचारा. फरक थोडासाच, पण आडोसा तसाच राहतो.

सुरुवात बाजूच्या पात्रांपासून करा. नायिकेवर थेट गेलात की अर्धी मुलं गप्प होतात आणि उरलेली हुशारी दाखवतात. भावावर, मैत्रिणीवर, खोलीत शेजारी झोपणाऱ्या दुसऱ्या मुलीवर सगळेच बोलतात. आईच्या पहिल्या वाक्याच्या प्रश्नाला एकदा अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या सात जणांनी जवळपास एकच लिहिलं होतं: आधी बसायला हवं होतं. वाक्य वगैरे नाही. आईनं उभ्यानं बोलायला नको होतं.

ते उत्तर मी पुढच्या वेळी पालकांच्या गटात सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

येणारी मतं आणि त्यांचं काय करायचं

चारही वेळा मतं साधारण सारखीच आली. सगळ्यात सोपं म्हणजे ‘भाषा छान आहे’, ‘पटकन वाचून झालं’. ती ऐका आणि पुढे चला.

‘शेवट खोटा आहे’ हे मत मला मोलाचं वाटतं. या प्रकारच्या कादंबऱ्यांत बहुधा नायिका स्वतःच गोष्ट सांगते, बराच काळ कोणाशी बोलत नाही, आणि एकदा बोलली की शंभर पानांची गाठ वीस पानांत सुटते. मुलांना हे खटकतं आणि त्यांचं बरोबर आहे. सावरणं असं सरळ रेषेत होत नाही, मध्ये परत घसरणं असतं. इथे मी विचारते, ‘‘शेवटच्या पानानंतर तीन महिन्यांनी ती कुठे असेल? वाईट दिवशी काय करत असेल?’’ आणि त्यावर एक परिच्छेद लिहायला देते. एका मुलानं लिहिलं होतं, ती वाईट दिवशी भावाच्या खोलीत जाऊन न बोलता त्याचा गेम बघत बसते. मला तो कादंबरीच्या शेवटापेक्षा खरा वाटला.

मग येतं ते मत: ‘सगळी नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायला करते.’ मोठ्यांच्या गटात हे हमखास येतं, मुलांच्या गटात कमी. इथे चिडायचा मोह होतो. मी एकदा चिडलेही, आणि त्या गृहस्थांनी हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत सोडली नाही. आता मी त्यांना पुस्तकातच परत पाठवते. ‘‘बरं, लक्ष वेधायचं आहे असं धरू. मग ती पूर्ण बाह्यांचे कपडे का घालते? पान अमुकवर खोटं का बोलते? दाखवायचं असतं तर लपवलं कशाला असतं?’’ पानं उलटली जातात. बहुतेकदा ते स्वतःच म्हणतात, ‘‘हं, लपवतेय खरी.’’ त्यापुढे मी एवढंच विचारते, की समजा लक्ष हवं असेलच, तर ते तिला साध्या मार्गानं का मिळत नव्हतं? यावर पुस्तकात भरपूर मजकूर सापडतो. आजारी धाकटा भाऊ, भांडणारे आईबाप, ‘शहाणी मुलगी’ म्हणून कौतुक करून विसरलेलं घर. वाद जिंकायचा नाही. त्यांच्या घरातही कोणीतरी पूर्ण बाह्यांचं घालत असेल आणि त्या माणसाला आज घरी जाऊन नीट बघता यायला हवं.

‘अशी पुस्तकं मुलांना देऊच नयेत, डोक्यात नसलेलं घालतात’, हेही मत मी टाकाऊ मानत नाही. काळजीतून आलेलं असतं आणि तपशीलवार वर्णनांबाबत त्यात तथ्यही आहे. माझी पानमोजणी त्या काळजीचाच भाग आहे. पण विषयाचं नाव काढल्यानं तो डोक्यात जातो, हे मात्र अभ्यासांत दिसत नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, काही वेळा ताण हलका होतो, असंच संशोधन सांगतं.

आणि शेवटी ते मत, जे कधीकधी एकाच चिठ्ठीवर असतं: ‘अगदी असंच असतं.’ एवढंच. ही चिठ्ठी मी बाकीच्यांसारख्याच आवाजात वाचते, कोणाकडेही न बघता, आणि लगेच पुढची घेते. पुढे कधीतरी, दोनतीन चिठ्ठ्यांनंतर, सगळ्यांना उद्देशून म्हणते, ‘‘ज्यांना पुस्तक ओळखीचं वाटलं, त्यांच्यासाठी मी शेवटी अर्धा तास इथेच पुस्तकं लावत बसणार आहे.’’ मग खरंच पुस्तकं लावत बसायचं. हाताला काम हवं. समोर खुर्ची मांडून वाट बघणाऱ्या माणसाकडे कोणी येत नाही.

कोणी थांबलंच तर

दुसऱ्या बैठकीनंतर एक मुलगा थांबला होता. वीस मिनिटं त्यानं मला पुस्तकं लावायला मदत केली, सगळी चुकीच्या कप्प्यात. मग म्हणाला, ‘‘ताई, त्या पोरीनं त्या बाईंना सांगितलं, तेव्हा त्या काहीच म्हणाल्या नाहीत. ते बरं होतं.’’ मी म्हटलं, ‘‘हो, मलाही ते आवडलं.’’ आणि गप्प राहिले. पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं, आधी ‘ती’ म्हणून, मग मध्येच कधीतरी ‘मी’ म्हणून. ते ‘मी’ येईपर्यंत थांबायचं. आपण ओढून आणायचं नाही.

तेव्हा काय म्हणायचं: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ घाबरू नका, निदान चेहऱ्यावर दाखवू नका. जखम दाखव म्हणू नका, पण ताजी, खोल असेल तर लगेच डॉक्टरकडे न्यावं लागेल, ते विचारा. ‘परत करणार नाही असं वचन दे’ म्हणू नका, कारण वचन मोडलं की ते तुमच्यापासूनही लपवणार. मरून जावंसं वाटतं का, हे मात्र सरळ, याच शब्दांत विचारा. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. विश्वासातलं मोठं माणूस आणि मदत त्याच दिवशी गाठायची. नाही असेल तरी गोष्ट तिथे संपत नाही. घरात पहिल्यांदा कोणाला सांगायचं, हे त्याला ठरवू द्या, आणि सांगताना सोबत बसायची तयारी दाखवा. त्या मुलानं आजीला निवडलं. मी मनात आईला धरलं होतं. त्याचंच बरोबर निघालं.

तुम्ही समुपदेशक नाही, हे विसरू नका. मीही नाही. आपलं काम त्याला पुढच्या माणसापर्यंत सोबत करायचं, आणि आठवड्यानं विचारायचं की तिथे गेलास का.

मत लिहून ठेवायचं असेल तर

काही मुलांना पुस्तकावर लिहायचं असतं, भित्तिपत्रकासाठी किंवा इतरांना वाचायला. त्यांना मी चारच गोष्टी सांगते. कशानं, कुठे, किती वेळा, हे लिहायचं नाही. नायिकेला तिच्या कृतीचं नाव चिकटवायचं नाही. ती चित्र काढते, खोटं बोलते, विनोद करते, तेही लिहा. ‘वेडी’, ‘नाटकी’ हे शब्द नकोत, आणि ‘शूर’ही नको, जखमेला शौर्य म्हटलं की तीही एक जाहिरातच होते. आणि कोणतं पान वाचून तुम्ही पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलात, ते सांगा. चांगलं परीक्षण बहुतेक वेळा त्या पानापासून सुरू होतं.

बैठक संपली की चिठ्ठ्या मी पिशवीत घालून घरी आणते, रात्री शांतपणे पुन्हा एकदा वाचते आणि फाडून टाकते. अक्षर ओळखायचा मोह होतो. ओळखूही येतं कधीकधी. त्याचा उपयोग एवढाच करायचा, की पुढच्या महिन्यात ते मूल आलं का, याकडे लक्ष ठेवायचं.

कादंबरीची एक प्रत मी नंतर महिनाभर दाराजवळच्या फळीवर ठेवते. ती नोंदवहीत नाव न लिहिता नेता येते. गेल्या खेपेची प्रत तीन आठवडे गायब होती आणि परत आली तेव्हा माझ्या बरोबरच्या खुणांशेजारी कोणीतरी फिकट पेन्सिलीनं आणखी दोन खुणा केल्या होत्या, मी न केलेल्या पानांवर. त्यातलं एक पान मी पुन्हा वाचलं. नायिकेची मैत्रीण तिला काहीच न विचारता शेजारी येऊन बसते, एवढाच प्रसंग आहे तिथे.